साडूंची दारू

अख्ख्या कतारमध्ये आमच्या साडूंइतका सावकाश माणूस दुसरा नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान बावीस वर्षं मेसईदच्या खत कारखान्यात प्रेशर गेज तपासत होते, आणि गेजचा काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहण्याची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. साधा चहा करायचा तरी पत्ती काट्यावर तोलून घेत. "चमच्यानं माप होत नाही, अंदाज होतो," असं ते म्हणत. एकदा ताईंनी वैतागून सगळ्या पाहुण्यांसाठी स्वतःच चहा टाकला, तर हे तो पिऊन शांतपणे म्हणाले, "छान झालाय, पण परत असाच होणार नाही." ताई त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या, आणि ते साडूंच्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी.

पण त्यांचा खरा जीव होता नेमबाजीच्या काडतुसांवर. तरुणपणी पुण्यात असताना ते क्लबात रिव्हॉल्व्हरनं कागदी लक्ष्यावर नेम धरत, आणि तिथल्या एका निवृत्त सुभेदारांनी त्यांना झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायला शिकवलं होतं. कतारमध्ये यांच्याकडे ना रिव्हॉल्व्हर ना परवाना, तरी कुठल्या गोळीला कुठली दारू, यावर ते तासभर बोलू शकत. त्यावरून एका गणपतीत मोठा घोटाळा झाला. नुकतंच दोह्यात आलेलं एक सोवळं जोडपं शेजारी बसलेलं, आणि हे मोदक खाता खाता मला सांगतायत, "जड दारू घेतली की हात उडतो. शनिवारी हलकीच बरी." त्या बाईंनी पदर सावरून नवऱ्याला दुसऱ्या टोकाला नेलं, आणि पुढे वर्षभर साडूंकडे त्या मोठ्या करुणेनं पाहत राहिल्या. खुलासा करावा, असं साडूंना कधी वाटलं नाही. "चूक त्यांची आहे. मी नीटच बोललो," एवढंच म्हणाले.

त्यांचं हे ज्ञान वाया गेलं नाही, याचं श्रेय त्यांच्या मुदीरांना, म्हणजे खात्याच्या कतारी साहेबांना. साहेब स्वतः हौशी नेमबाज, परवानाधारक. त्यांच्या क्लबात एक खोली होती, तिथे सभासदांना देखरेखीखाली सरावाची काडतुसं भरता येत. बावीस वर्षांत साडूंनी साहेबांशी पगारवाढीचा विषय काढला नसेल, पण दारूवरून ते त्यांच्याशी बरोबरीनं भांडत. गोळीबद्दल दोघांचं एकमत होतं: सपाट तोंडाची शिशाची, कारण ती कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडते आणि गुणांवरून वाद होत नाही. भांडण दारूवरून. साहेबांना एक बारीक, दाट दारू आवडे. दारू मोजायच्या मापातून ती पाण्यासारखी सरळ पडे आणि नेमही चांगला लागे. साडू म्हणत, फुगीर घ्या. मापात जरा अडखळते, पण चुकून दोनदा पडली तर पुंगळीतून बाहेर सांडते, चूक डोळ्यांना दिसते. दाट दारू दोनदा पडली तरी तळाशी गुपचूप बसून राहते, आणि मग हातातलं रिव्हॉल्व्हर फुटू शकतं. साहेब हसत आणि म्हणत, "तुम गलती करता ही नहीं, फिर डर किस का?"

एका शुक्रवारी संध्याकाळी दोघं त्या खोलीत बसले होते, कारण शनिवारी सकाळी क्लबाची स्पर्धा होती. साडूंची पद्धत अशी, की आधी पन्नासही पुंगळ्या भरायच्या, बॅटरी मारून प्रत्येकीत डोकवायचं, मगच गोळ्या बसवायच्या. त्या दिवशी साहेबांना घाई होती, म्हणून साडू साहेबांचीच दाट दारू एकेका पुंगळीत भरत होते आणि साहेब लगेच गोळी बसवत होते. आणि नेमका त्याच वेळी मी फोन केला. ताई आणि ते रात्री आमच्याकडे उम्म सलालला मुक्कामाला येणार होते, तर येताना कोथिंबीर आणा, एवढं सांगायला. त्यांनी कोथिंबीर आणली, जेवले, झोपले.

सकाळी मिसळीचा पहिला घास घेतल्यावर त्यांचा हात थांबला. पाव परत ताटलीत ठेवून ते म्हणाले, "काल तुमचा फोन आला, तेव्हा माझ्या हातात पुंगळी होती. ती मी भरली होती का?"

"मला कसं माहीत असणार, भाऊजी?"

"मलाही नाही. फोन ठेवून मी ती भरली. आधी भरलेली असेल, तर दुप्पट झाली."

ताईंनी साहेबांना फोन लावला. बंद. क्लबाच्या नेमबाजीच्या रेंजवर फोन आत नेऊ देत नाहीत. पुढच्या क्षणी मी साडूंना पहिल्यांदा धावताना पाहिलं, तेही माझ्या चपला घालून.

गाडी मी चालवत होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा न राहवून म्हणालो, "भाऊजी, बहुतेक काही नसेल. मग भर स्पर्धेत साहेबांसमोर कशाला? तुमची निवृत्ती वर्षावर आली आहे."

ते समोर बघत म्हणाले, "हात त्यांचा जाईल. तुम्ही गाडी चालवा."

रेंजवरच्या अधिकाऱ्यानं यांचा चेहरा बघून काही विचारलंच नाही, सरळ गोळीबार थांबवला. साहेबांनी रिव्हॉल्व्हर रिकामं करून खाली ठेवलं. पंधरा झाडून झाली होती, पस्तीस उरली होती. बाहेरून तोलून उपयोग नव्हता, कारण शिशाच्या गोळ्यांच्याच वजनात उन्नीस-बीस असतं. त्यात दारूचा फरक लपून जातो. तेव्हा खोलीत बसून साडू एकेक काडतूस गोळी काढायच्या हातोडीत अडकवून आपटू लागले. गोळी निघे, दारू ताटलीत पडे, काट्यावर जाई. बरोबर. पुढचं. बरोबर. साहेबांची फेरी केव्हाच हुकली होती; ते शेजारी हातात जपमाळ घेऊन बसले होते. तीस झाली, तीसही बरोबर. उरलेल्या पाचांत माझी कोथिंबीर होती.

पस्तिसावंही बरोबर निघालं.

"यानी, सब ठीक था?" साहेबांनी विचारलं.

"सब ठीक था, सर. सॉरी."

"अल्हम्दुलिल्लाह," साहेब म्हणाले, आणि मोठा श्वास सोडून त्यांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. तो बराच वेळ काढला नाही. मग तीन करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, मागवले. मला एकदम इतकं हलकं वाटलं, की मी विनाकारण हसू लागलो, आणि मग ते दोघंही हसले. शेवटी साहेब म्हणाले, "अब बोलो, वो तुम्हारा फूला हुआ बारूद कौन सा है?" परतताना साडू शेजारी तोंड उघडं टाकून झोपले होते. मी गाडी अगदी हळू आणली.

वर्षभरानं ते निवृत्त झाले. इथे नोकरी संपली की घरही संपतं. ताई आणि ते नाशिकला गेले. मेसईदच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये आता कुणी दुसरं राहतं. साहेबांचा मात्र मला अधूनमधून शुक्रवारी फोन येतो. आधी माझी, मग मुलांची चौकशी करतात, मग विचारतात, "हमारा आदमी कैसा है?" मी म्हणतो, मजेत आहेत.

परवा त्यावर म्हणाले, "क्लब में अब सब लोग मुझ को हाँ बोलता है. बारूद पे कोई झगड़ा नहीं करता."