दसऱ्याच्या दिवशी धुतलेला रणगाडा

हसायचं असन तर हसून घ्या, मी रागावणार नाई. पण हसून झालं की दोन शिव्याही देजा. मी जे करून बसलो ते त्याच लायकीचं आहे.

मी वडनेरचा दिलीप. बारा एकर वावर, एक ट्रॅक्टर अन् देवानं दिलं तेवढंच डोकं. मागच्या वर्षी आमच्या गावात सिनेमावाले आले. लढाईचा सिनेमा! सोयाबीन काढून रिकामं झालेलं माझंच वावर त्याईले पसंत पडलं. झाली ना बाप्पा माझ्या वावरात सरहद्द!

तुमाले वाटन, टँक म्हणजे खरा टँक. कायचा खरा जी! जुन्या पोकलेनच्या सांगाड्यावर पत्रा ठोकलेला. अन् पुढची ती मोठी नळी? बोअरचा केसिंग पाइप! आमच्या गावात तसे कितीतरी पाइप जमिनीत गाडलेले आहेत, आजवर एकानंही शत्रूवर नेम धरला नाई. टँक चालवाले आत बसे हिंगणघाटचा एक पोकलेनवाला. त्याच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. भर लढाईत तो झाकण उघडून बाहेर थुंकला, तर सगळं युद्ध थांबवा लागलं.

आता मुद्द्यावर येतो. हा टँक रंगवाले माणूस पाह्यजे होता, अन् मी सुधाकरचं नाव सांगतलं. सुधाकर म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, राहते पिपरी मेघेले. एकेकाळी वर्ध्यातल्या निम्म्या दुकानाईच्या पाट्या यानं रंगवल्या होत्या. काय अक्षर होतं त्याचं! मंग फ्लेक्स आले, अन् हा लोकायच्या भिंतीले डिस्टेंपर मारत फिरू लागला. त्याले हे काम मी मिळवून दिलं. तेवढं एक पुण्य तरी माझ्या नावावर राहू द्या.

डायरेक्टरले त्याचा हात आवडला. तो म्हणे, दसऱ्याच्या दिवशी दुपारी टँकचा अगदी जवळून शॉट घेणार. त्यात काम पसंत पडलं तर पेंटरले कायमचं आपल्या युनिटमध्ये घेणार. हे सांगाले सुधाकरनं मले फोन केला.

"दिलप्या, पन्नाशीत नोकरी लागून राह्यली बे मले!"

"लागनच! तुह्या हाताची बरोबरी कोण करते?"

त्यावेळी मी बोरगाव मेघेले बहिणीकडे गेलतो, भाच्याच्या साखरपुड्याले. तीन दिवस वडनेरात काय चाललं, मले काहीच माहीत नाई. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सांजेले परत आलो.

आता दसऱ्याले आपण काय करतो? ट्रॅक्टर धुतो, नांगर धुतो, फवारणीचा पंप धुतो, पोट्ट्याईच्या सायकलीसुद्धा धुतो. हार घालतो, हळदी-कुंकू लावतो. सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन विहिरीवर गेलो. मोटर सुरू केली, पाइप हातात घेतला, ट्रॅक्टर चकाचक केला. अन् बाजूले पाहतो तर तो टँक.

काय त्याची दशा! अंगभर चिखल, काजळी, तेलाचे ओघळ, जागोजागी गंज. मले वाटलं, सुधाकर बिचारा अजून रंग द्याचाच आहे. अन् भिंत असो का पत्रा, रंग द्याच्या आधी धुवा लागते हे कोणाले सांगा लागते का? दुपारी शॉट, हा धुईन कवा अन् रंगवीन कवा? शिवाय सणाचा दिवस! माझ्या वावरात उभी असलेली गाडी अशी घाण ठेवाची? लोक काय म्हणतीन?

सिनेमावाल्याईचा चौकीदार सणाले घरी गेलता. अडवणारं कोणी नाई. मी घेतला पाइप!

चिखल काही केल्या निघे ना जी. डिंकानं चिपकवल्यासारखा बसला होता. (डिंकानंच चिपकवला होता, पण मले काय माहीत!) मंग कपडे धुवाचा सोडा आणला, तारेचा ब्रश आणला. काजळीले डिझेल लावलं. दीड तास घासला. एवढी मेहनत मी माझ्या लग्नातही अंगावर घेतली नव्हती.

बायको आरतीचं ताट अन् स्वस्तिक काढाले कुंकू घेऊन आली.

"अहो, सातिया कुठी काढू?"

"नळीवर काढ! ठसठशीत काढजो."

लिंबू ठेवाले गेलो तर टँकले चाक कुठी? दोन्हीकडच्या चेनीखाली एक-एक लिंबू ठेवला. नारळ फोडला. झेंडूचा हार घातला. गावातले चार लोक आले, म्हणे, "वा दिलीपभाऊ, आता दिसते टँक!" माझी छाती अशी फुगली का विचारू नका.

तेवढ्यात सुधाकर मोटरसायकलवर आला. अंगात नवा शर्ट. टँक पाह्यला अन् गाडी स्टँडवर लावाचंच विसरला. गाडी आडवी पडली, तरी त्याचं लक्ष नाई.

मले वाटलं, खुशीनं पोट्ट्याची वाचा बसली!

"पाय, तुह्यं अर्धं काम करून ठेवलं! आता फक्त रंग मार."

"रंग?" तो एकदम हळू बोलला. "दिलप्या, तो चिखल होता ना, तोच रंग होता बे."

"म्हंजे?"

"दोन दिवस लागले मले. गेरू, काजळी, डिंक. गोळ्याईची एक-एक खूण हातानं काढली होती. कालचे दुरूनचे शॉट त्याच खुणांवर घेतले. काल जळालेला टँक आज असा न्हाऊन-धुऊन कसा येईन?"

माझ्या हातातून पाइप पडला. पाणी तसंच वाहत राह्यलं. मी म्हटलं, "चाल, आपण दोघं मिळून करू! माती काय, इथं लागन तेवढी आहे!" तो बसला खाली अन् काजळी कालवू लागला. मीही चिखल आणून देऊन राह्यलो. पण डिझेलवर काही टिकलं पाह्यजे ना! इकडे लावलं की तिकडे ओघळे.

बारा वाजता डायरेक्टर आला. नळीवरचा सातिया पाहून आधी त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ये टँक जंग पे जा रहा है कि बारात में?"

सगळे हसले. सुधाकर तेवढा हसला नाई.

"किसने किया ये?"

आता इथं मी बोलायले पाह्यजे होतं का नाई? होतं! मीच तर केलं होतं! पण मी खाली वाकून पाइप गुंडाळू लागलो. सुधाकरनं एकदा माझ्याकडे पाह्यलं अन् डायरेक्टरले म्हणाला, "सर, काम मेरा था. संभालना भी मेरेको था."

बस. जवळचा शॉट रद्द झाला. दुरूनच काहीतरी उरकलं, अन् चार वाजता युनिटनं गाशा गुंडाळला. जाताना डायरेक्टरनं त्याच्या खांद्यावर थाप मारली, पण सोबत चाल म्हणाला नाई. माझ्या दोस्ताची नोकरी माझ्याच पाइपानं वाहून गेली, अन् मी उभा राहून पाहत होतो.

सांजेले सोनं द्याले जा लागते. कोणत्या तोंडानं जाणार? तरी गेलो पिपरी मेघेले, खिशात आपट्याची पानं घेऊन. रस्ताभर घोकत गेलो, का वहिनीसमोर सगळं कबूल कराचं. दरवाजा वहिनीनंच उघडला. सुधाकर कोपऱ्यात बसून ब्रश धुऊन राह्यलता. मी सोनं दिलं, तर उठून त्यानं मले छातीशी धरलं. मंग तर माझा धीरच सुटला.

वहिनीनं चिवड्याची प्लेट समोर ठेवली.

"भाऊजी, तुमच्या वडनेरले आज एवढा पाऊस झाला म्हणते? ह्याईची दोन दिवसाची मेहनत धुऊन गेली म्हणे."

मी सुधाकरकडे पाह्यलं. त्यानं मान वर केली नाई.

"हो वहिनी," मी म्हटलं. "झाला."

"काय बाई हा पाऊस! सणासुदीचा दिवस पाह्यत नाई, माणसाची मेहनत पाह्यत नाई. कोणाच्या पोटावर पाय देऊन राह्यलो, याची थोडी तरी अक्कल पाह्यजे का नाई त्याले?"

मी चिवड्याची प्लेट खाली ठेवली.

"नाई ना वहिनी," मी म्हटलं. "त्याले लहानपणापासूनच अक्कल नाई."