गारीच्या पोत्यातला लॅपटॉप

एघोसाच्या उजव्या हाताची तीन बोटे मोडली, त्या दुपारची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. दवाखान्याच्या कागदावर ‘जिन्यावरून पडला’ एवढेच आहे. नायजेरियातल्या बेनिन शहरातले त्याचे घर मात्र बैठे होते.

सात वर्षे तो बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होता. कंपनीतल्या निम्म्या जणांचे काम यंत्रांकडे गेले, तेव्हा आपलीही पाळी येणार हे ओळखून त्याने नवी विद्या शिकायला घेतली: व्यवहारांतली लबाडी हुडकणारे प्रोग्राम. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीची मुलाखत तीन वाजता होती. हुकली तर पुन्हा संधी नाही, असे पत्रात बजावले होते. घरची वीज गेली, म्हणून तो जनरेटर असलेल्या मित्राच्या दुकानाकडे निघाला.

“लॅपटॉप पोत्यात घाल,” गारी, म्हणजे कसावाच्या कंदांचा रवा, विकणारी आई म्हणाली. “बॅग दिसली की गस्तीवाले पोलीस इंटरनेटवरचा ठग म्हणून धरतात.”

“इये, मी चोर आहे का?” त्याने आईला विचारले.

“नाहीस ना! चोरांना ते सलाम करतात.”

नाक्यावर गस्तीच्या म्होरक्याने पोते चाचपले.

“गारी चौकोनी कधीपासून व्हायला लागली रे?”

उत्तराआधीच बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला. एक दात जिभेवर आला. लॅपटॉप उघडायला लावला, तर पडद्यावर चाचणीसाठी रचलेली दोनशे परदेशी नावे आणि कार्डांचे आकडे.

“हे गोरे कोण?”

“कुणीच नाहीत, ओगा साहेब. काल्पनिक आहेत. मी लबाडी पकडायला शिकतोय.”

“ऐकलंत? खोटी माणसं तयार करतो आणि म्हणे लबाडी पकडतो!” म्होरक्या खदखदून हसला. “टाइप कुठल्या हातानं करतोस, मास्तर?”

“दोन्ही.”

“मग एक आम्हाला दे.”

दोघांनी त्याचा उजवा पंजा दगडावर दाबला. दस्ता तीनदा आदळला. तो ओरडला तशी पोटात लाथ बसली. सांडलेल्या पांढऱ्या गारीवर त्याने रक्त ओकले. खिसे उलटेपालटे करून, फोन काढून घेऊन त्यांनी त्याला हाकलले. लॅपटॉप जुना म्हणून त्याच्या अंगावर भिरकावला.

तीन वाजता तो दुकानात कॅमेऱ्यासमोर बसला होता. तोंड धुतलेले, पंजा फडक्यात, टेबलाखाली.

“देश का सोडायचाय?” पलीकडच्या बाईंनी विचारले.

व्हिसासाठी लागणारा चारित्र्याचा दाखला त्या नाक्यावरच्यांच्याच ठाण्यातून मिळायचा होता.

“नवं शिकायला.”

तो डाव्या हाताने टाइप करू लागला. काही वेळाने बाईंचा सूर बदलला.

“दुसरा हात सतत खाली का? खाली फोन आहे का? दोन्ही हात दिसू द्या. नाहीतर मुलाखत इथंच थांबवते.”

त्याने हात वर घेतला. फडके रक्ताने भिजून ओघळ कोपरापर्यंत आला होता. बाई पडद्याजवळ झुकल्या.

“काय झालं?”

“जिन्यावरून पडलो,” तो म्हणाला. “पुढं चालू ठेवू?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. साडेचारला प्रोग्राम चालला आणि दोनशे नावांतली लबाड नावे त्याने बिनचूक वेचली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, तेव्हा एघोसाला नवे उत्तर शोधावे लागले नाही.