गाडी दिली, दंड राहिला

पैनगंगेपलीकडे कापूस नेणं हा त्या काळी गुन्हा होता. आपण पिकवलेला कापूस फक्त सरकारलाच विकायचा, असा आपल्याकडे कायदा. पलीकडे आंध्र, तिथे भाव बरा आणि पैसे हातोहात. मी शाळामास्तर, वडिलोपार्जित सहा एकरांचा धनी. झरी जामणीकडच्या एका कोलाम आदिवासी गाडीवानाची बैलगाडी भाड्याने केली आणि नदीच्या उतारावर दोघेही पकडलो गेलो. मी आरोपी क्रमांक एक, तो दोन.

आम्ही गुन्हा कबूल केला. प्रत्येकी पाचशे रुपये दंड, न भरल्यास पंधरा दिवस साधी कैद. माझ्या खिशात एकाचेच पैसे होते. ते मी माझ्यासाठी भरले. त्याला मुदत मिळाली. "तुमचं मी पाहतो," असं सांगून मी बस पकडली. हे वाक्य बोलून झालं की पाहणंही बहुधा तिथेच संपतं. बैल त्याला आधीच परत मिळाले होते. गाडी ठाण्यात जप्त होती.

पुढे तो कायदाच गेला. पलीकडचे व्यापारी आमच्याच चौकात काटा लावून बसू लागले, आणि भाव असा पडला की नदी ओलांडायचा मोह कुणाला उरला नाही. निकालानंतर पाच वर्षांनी गाडीवानाच्या नावाने वॉरंट निघालं. हवालदाराने त्याला वेचणी चालू असताना शेतातून उचललं. निरोप मिळताच मी पैसे घेऊन कोर्टात गेलो.

कोर्टाची इमारत नवी होती. दाराशी संगमरवरी पाटी. तिच्यावर उद्घाटक, अध्यक्ष आणि चार प्रमुख पाहुणे. पाणी प्यायला मात्र समोरच्या हॉटेलात जावं लागे.

पुकारा झाला. "दंड का भरला नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"भरला ना, साहेब. गाडी देल्ली."

"कोणती गाडी?"

"तुमच्या मानसाइनं ठान्यात ठेवून घेतली थे. मी म्हनलं, चला, फिटलं."

वकील हसले. न्यायाधीश हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवतो. अर्ज करून गाडी परत न्यावी, असा हुकूम निकालातच होता, असं त्यांनी फाइल पाहून सांगितलं. त्या निकालाची नक्कल माझ्या कपाटात होती. मी जाडजूड ग्रंथ तळटीपांसकट वाचणारा; ती दोन पानं वाचली नव्हती. हवालदार म्हणाला, गाडीची चाकं कधीच गेली, नुसता सांगाडा आहे.

मी उठून म्हणालो, तो कायदाच आता नाही.

"कायदा गेला, गुरुजी. दंड आहे."

"मग मी भरतो."

"नाही, मास्तर," गाडीवान म्हणाला. "एका गुन्ह्याचे दोनदा कोन देते? बसतो पंधरा दिस."

पंधरा दिवसांत त्याचा फुटलेला कापूस मातीत गेला असता. दंड घेणाऱ्या नाझरबाबूंनी मला खिडकीशी बोलावलं. "कायले वाद घालता, मास्तर? गुपचूप भरून टाका. पावतीवर नाव त्याचंच येते."

मी भरले. हवालदाराने त्याला सोडलं.

"काहून सोडलं मले?"

खरं सांगितलं असतं तर तो परत आत गेला असता. "त्यांनी गाडी धरली दंडात," मी म्हणालो.

"मी सांगूनच राह्यलो व्हतो!" तो हसला. मग पायरीवर थांबला. "पन मास्तर, गाडी तं सहा हजाराची व्हती. पाचशे कापले, तं वरचे कवा देतेत?"

"ते आज नाही मिळणार. चला, बस निघेल."

"तुमी जा. मी घेऊनच येतो."

नाझरबाबू जेवायला गेले होते. खिडकी बंद होती. तिच्यासमोर तो पहिला नंबर लावून उभा राहिला. मी त्याच्या मागे.