रिकामा आलेला डबा

जवळ ये वं पोरी. तू पुण्याले, मी इथं बुलडाण्याकडच्या उंद्रीले, म्हणून कागदावरच ये, पण ये. अन् आधी बोलणी खा. काल फोनवर किती ती घाई! "आजी, कॉलेजात एक केस दिली आहे, म्हणजे खरी घडलेली गोष्ट. आपल्या बुलडाण्याकडचीच बाई आहे, राधाबाई नावाची. तिच्या धंद्यातल्या चार चुका शोधून सोमवारी द्यायच्या. बिबडे कसे करतात तेवढं पटकन सांग." असं बोलतात का? जेवली का, गुडघा कसा आहे, हे कोण विचारणार?

मी रागावली नाही. तू वाचून दाखवलं ना, बारा बाया, ज्वारीचे पापडासारखे बिबडे, पहिला घाणा फुकट वाटून टाकणारी अडाणी म्होरकी. ती राधाबाई मीच होय.

तुले काय, कोणालेच सांगतलं नव्हतं. आज सांगते.

दोन वर्षं झाली. एका मोठ्या कॉलेजातला गार हॉल. पायऱ्यापायऱ्यांच्या खुर्च्या, त्यात परदेशातली पोरं-पोरी, काही आपलीबी. खाली मधोमध मी, एकटी, खुर्चीवर. पाठीमागं भिंतीएवढा माझा फोटो. फोटोत मी ओल्या लुगड्यावर बिबडे थापून राह्यली. अन् पोरं एकेक उठून माझ्याकडं बोट करून इंग्रजीत बोलत होती.

बाजूले मॅडम होत्या. त्याच आमच्या ओसरीवर दोन दिवस बसून सारं लिहून घेऊन गेल्या होत्या. स्वभावानं वाईट नव्हत्या, खोटं काऊन बोलू? त्या म्हणत, "मावशी, पूर्वी आमची मुलं मोठ्या कंपन्यांच्याच गोष्टी शिकायची. आता जग बदललं. परदेशातली मुलं गाव शिकायला इथे येतात. तुम्ही त्यांच्या शिक्षक." शिक्षक म्हटल्यावर मी नवं पातळ नेसली. अन् रिकाम्या हातानं कसं जावं, म्हणून स्टीलचा मोठा डबा भरून बिबडे नेले. वानोळा.

वानोळा तुले माहीत आहे. घरात नवं काही झालं की पहिला घास शेजारी जातो. पण त्याची दुसरी बाजू तुह्या केसमध्ये नाही. वानोळ्याचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. काही नसलं तं चिमूटभर साखर टाकतात. अन् त्यासोबत चवीचा शब्द येतो. आपल्या शेजारच्या नूरजहाँ आपा तं भांडं द्यायच्या आधीच भिंतीवरून ओरडतात, "काय वं, मिठाचं पोतं सांडलं काय? माह्या बकरीनंबी तोंड फिरवलं." मग आम्ही दुसऱ्या घाण्यात मीठ कमी करतो. आपांच्या त्या जिभेवर आमचा धंदा उभा आहे. बाजारात आमचा माल कधी परत आला नाही, तो आपांमुळे.

मी मॅडमले हे सारं सांगतलं होतं. त्यांनी वहीत दोन शब्द लिहिले. फ्री सॅम्पल.

दारातच एका माणसानं डबा काढून घेतला. मॅडम म्हणाल्या, "बाहेरचं खायला परवानगी नाही, मावशी. परदेशी मुलं आहेत, पोट बिघडतं." बरं म्हटलं. ज्याचं घर, त्याचा कायदा.

मग ती पोरं बोलू लागली. मी विचारलं, "काय म्हणून राह्यले?"

"कौतुक करतायत, मावशी."

पोरी, मी शाळेत गेली नाही. अक्षरं मी बिस्किटाच्या अन् खताच्या पुड्यांवरून शिकली. इंग्रजीचे मोजके शब्द कानाले माहीत आहेत. लॉस. वेस्ट. अन् एक शब्द बँकेतला साहेब माह्यासमोरच दुसऱ्या साहेबाले सांगायचा. इल्लिटरेट. तो शब्द त्या हॉलात मी तीनदा ऐकला. मोजावा लागला नाही, टोचला.

मी उभी राह्यली. म्हटलं, "मले बोलायचं आहे."

समोरच्या रांगेतल्या आपल्याच एका मराठी पोरानं हळूच वेडावून म्हटलं, "मले." त्याच्या शेजारची हसली. मी खाली बसली. शेवटी साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, अन् मीबी वाजवल्या. माह्याच अपमानाले. ते हात मले अजून धुता आले नाहीत.

बाहेर चहा होता. मॅडमनं डबा आणून दिला. धुतलेला, पुसलेला, रिकामा. झाकण उघडून पाहिलं. साखरेचा दाणाबी नाही. अन् कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपल्यात, चहाच्या कपांखाली, माह्या बारा बायांचे बिबडे.

मॅडमनं चहाच्या टेबलावर कागद ठेवला. ही गोष्ट देशोदेशीच्या कॉलेजात शिकवायची परवानगी. अन् विचारायच्या आधीच शाईचं पॅड उघडून माह्या अंगठ्याजवळ सरकवलं.

मी पॅड बंद केलं.

"मले सही करता येते," म्हटलं. "पण देत नाही."

"मावशी, नुसती फॉर्मॅलिटी आहे हो. सगळे देतात."

"भांडं रिकामं दिलं तुम्ही. सही नाही."

त्यांना काहीच कळलं नाही. आपलंच बोलणं आपल्याच माणसाले कळू नये, यापरीस लाचारी कोणती? घरी येईपर्यंत डबा मांडीवर होता. बाया विचारत होत्या, काय म्हणाले, आवडले का. मी म्हटलं, हाव, आवडले. काय सांगू?

अन् काल तुह्या फोननं कळलं, माह्या नाहीचं काय झालं ते. नाव बदललं. बस, तेवढंच. फोटोतलं तोंड कापलं असेल, हात ठेवले असतील. मी इथं बसून काय करू शकते? कोणत्या कॉलेजचं दार वाजवू? देशोदेशीची पोरं माह्या चुका लिहून पास होऊन राह्यली, अन् आता माह्याच घरची पोर लिहिणार.

लिही. मी तुले अडवत नाही, तुह्या मार्कांचं मले कळतं. पण ऐक. यापुढं माह्या ओसरीवर वही उघडायची असली तं आधी पदर खोचून आमच्यासंगं थापायले बसावं लागेल. जे लिहिलं ते माह्यासमोर, माह्या बोलीत, साऱ्या बायांसमोर वाचावं लागेल. मग सहीचं पाहू. हे मॅडमले लागू, तुलेबी लागू. तू नात आहे म्हणून सूट नाही.

हा कागद रातच्या गाडीनंच धाडते. ज्वारी आज भिजू घातली. तीन दिवसांनी दळायची. पहिला घाणा निघेल तेव्हा तू इथं पाहिजे. खा, खारट लागलं तं आपांसारखं भिंतीवरून ओरड, मग चुका लिही. लवकर ये वं. अन् तो डबा तुह्या हाती देईन तवा ध्यानात ठेव, तो परत कसा आणायचा असतो.