बकुळ, मधुमालती आणि सक्षम प्राधिकारी

मला सावली हवी होती. बस, एवढंच. दागिना मागितला नव्हता, बंगला मागितला नव्हता. माझ्या शिलाईच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी तीन वाजले की त्या खिडकीतून ऊन जे आत घुसतं, ते दिवेलागणीपर्यंत हलत नाही. मशीनचं चाक तापतं, कात्री तापते, सुईचं भोक तर दिसेनासंच होतं. लोकांच्या पॅन्टी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, काजं करायची, हे काय डोळे मिटून करू? पडदा लावून पाहिला, तर वारा बंद आणि मी आत भाजून निघाले. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, समोरून येणारं हे ऊन थांबवा, नाहीतर काम थांबवा. घरी येऊन मी आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, खिडकीबाहेर एक झाड लावा, नाहीतर वेल लावा."

त्यातला "नाहीतर" मी उच्चारायला नको होता. तिथेच सगळं बिनसलं.

आमच्या ह्यांनी एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं काढली. खुर्ची घ्यायची असो की टाचण्या, आधी ह्यांनी तुलनात्मक तक्ता करायचा. वर वस्तूंची नावं, डावीकडे मुद्दे, शेवटी शेरा. ह्यांच्या हातून एक तक्ता कधी चुकला नाही, असं निरोपसमारंभात तिघांनी सांगितलं. माणूस निवृत्त झाला, तक्ता काही झाला नाही. आमच्या लेकीनं स्वतःच नवरा पसंत केला आणि हात जोडून सांगितलं, "बाबा, तक्ता नको." तरी ह्यांनी केलाच. वर एकट्या जावयाचं नाव आणि खाली शेरा, "स्पर्धेअभावी मान्य." जावई बिचारा आजही ह्यांच्यासमोर जरा अवघडूनच बसतो.

तर "नाहीतर" ऐकल्याबरोबर ह्यांचे डोळे चमकले. झाड म्हणजे बकुळ ठरली, वेल म्हणजे मधुमालती ठरली. मला वाटलं, झालं, आता उद्या खड्डा. दुसऱ्या दिवशी हे फाईल घेऊन माझ्यासमोर उभे.

"दोन नावांचा तक्ता होत नाही. किमान तीन लागतात."

"अहो, कचेरी आहे का ही?"

"पद्धत म्हणजे पद्धत."

तेवढ्यात शेजारचे ड्रायव्हरसाहेब आले. बस चालवायचे आयुष्यभर, आता फक्त गप्पा मारतात. माणूस चांगला उंच आणि ऐसपैस. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसत म्हणाले, "वहिनी, एवढी काथ्याकूट कशाला? मीच उभा राहतो की खिडकीत!"

मी हसले. ड्रायव्हरसाहेब हसले. आमचे हे हसले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

खोटं सांगत नाही, तिसऱ्या रकान्यात ड्रायव्हरसाहेब आले. उंची पाच फूट अकरा. पसारा, समाधानकारक. पाणी, चहाच्या स्वरूपात दिवसातून दोनदा. पानगळ, पूर्ण झालेली, कारण डोक्यावर एक केस नाही. मी कपाळाला हात लावला. ड्रायव्हरसाहेबांनी मात्र ही उमेदवारी फारच मनावर घेतली. मधुमालतीला कीड लागते म्हणे, बकुळीखाली कचरा फार होतो म्हणे, असं येताजाता माझ्या कानावर घालायला लागले.

मग घोडं अडलं ते व्याकरणावर. ह्यांनी लिहिलं, "तो वेल." मी म्हटलं, ती वेल. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "आमच्याकडे तो." ह्यांनी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, दोन्ही चालतं."

"दोन्ही चालतं हे तक्त्यात चालत नाही," असं म्हणून ह्यांनी फोन ठेवला. तीन आठवडे त्यात गेले. शेवटी "सदर वनस्पती" असं लिहून सुटका झाली.

रोपवाटिकेवाल्याकडे गेलो, तर ह्यांनी त्याच्यापुढे छापील हमीपत्र ठेवलं. सदर बकुळ अमुक वर्षांत अमुक चौरस फूट सावली देईल, न दिल्यास बदलून मिळेल. त्या माणसानं कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, झाड आहे ते, फ्रिज नाही." आम्ही हात हलवत परत आलो.

त्यानंतर प्रात्यक्षिकं सुरू झाली. वेलीची सावली कशी पडेल हे बघायला ह्यांनी खिडकीवर दोऱ्या ताणल्या आणि त्यांच्यावर आमचे जुने टॉवेल पिंजून टांगले. झाडासाठी हे स्वतः छत्री उघडून अंगणात उभे राहिले, दुसरा हात आडवा पसरून, कारण बकुळ चहूबाजूंनी पसरते. ड्रायव्हरसाहेब स्वतःच्या पाळीला इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी आत मशीनवर बसून, दिसतंय का सुईचं भोक, ते ओरडून सांगायचं. रस्त्यानं जाणारे लोक थांबायचे. एका बाईंनी मला विचारलं, इथे कसली शिकवणी चालते का?

चार वर्षं! हसू नका, चार वर्षं गेली यात. समोरच्या दंतवैद्यांनी मागाहून लावलेली वेल त्यांच्या गच्चीवर पोचली. मी विचारलं की हे म्हणायचे, "एक रकाना राहिलाय." एकच रकाना, दर वेळी तोच. मी चिडले, अबोला धरला, माहेरी जाऊन आले. रकाना जिथल्या तिथे.

आणि मग एका दुपारी एका कोटाची बाही लावताना ऊन डोळ्यांवर आलं आणि सुई माझ्या बोटातून आरपार गेली. रक्त कोटावर. गिऱ्हाईक बरं होतं, काही बोललं नाही, पण माझा बांध फुटला. बोटाला चिंधी गुंडाळून मी बाहेर आले आणि ह्यांना म्हटलं, "आठ दिवस. आठ दिवसांत बाहेर काही लागलं नाही, तर मी मशीन देऊन टाकते. कायमची. चाळीस वर्षांचा हात आहे माझा, तुमच्या कागदांपायी जाऊ दे तो."

हे माझ्या बोटाकडे बघत राहिले.

आठव्या दिवशी चार वाजता फाईल आली. वर लिहिलं होतं, "सक्षम प्राधिकाऱ्यांच्या मान्यतेस्तव सादर." सक्षम प्राधिकारी म्हणजे मी, अर्जदार म्हणजे हे. हे दारात उभे राहिले, साहेबांसमोर उभे राहतात तसे.

मी डोळे बारीक करून वाचायला लागले. सावली मिळण्यास लागणारा काळ: वेल, एक वर्ष. बकुळ, आठ ते दहा वर्षं. म्हटलं, चला, मिटलं. पण खाली शिफारस होती बकुळीची! माझं डोकंच फिरलं. मी पुन्हा वरून वाचत आले.

सावलीत बसणारी माणसं: वेल, दोन. बकुळ, एक.

देखभाल: वेल, दर वर्षी शिडीवर चढून छाटणी आणि तारा बांधणे, करणारा अर्जदार. बकुळ, दोन वर्षं पाणी, पुढे काही नाही.

आणि तो राहिलेला रकाना. "अर्जदार नसल्यास." वेलीच्या खाली लिहिलं होतं, "भिंत सोडून कौलांत शिरेल. प्राधिकाऱ्यांच्या गुडघ्यांना शिडी झेपणार नाही." बकुळीच्या खाली, "फरक पडणार नाही."

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सरासरी काढली," हे म्हणाले. "वडील गेले एकाहत्तराव्या वर्षी, मोठा भाऊ चौऱ्याहत्तर, मधला सत्त्याहत्तर. सरासरी चौऱ्याहत्तर येते. मी अडुसष्ट. वेलीला माणूस लागतो गं. झाडाला लागत नाही."

"आणि झाड वाढेपर्यंतची आठ वर्षं मी काय करू?"

"शेरा बघ."

शेऱ्यात होतं, "अंतरिम व्यवस्था म्हणून अर्जदार दुपारी तीन ते सहा छत्रीसह उपस्थित राहील."

"तुमच्याच हिशोबानं सहा वर्षं होतात ती. वरची दोन?"

"ड्रायव्हरसाहेब तोंडी कबूल झालेत."

मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. "मग चार वर्षं करत काय होतात तुम्ही?"

"तो रकाना भरवत नव्हता," हे म्हणाले आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले.

एवढा राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता, आणि एवढी मायाही. "चुलीत घाला ती सरासरी!" मी ओरडले. पेन कुठे सापडेना, म्हणून कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि शिफारशीवर आडवी रेघ मारली. नामंजूर. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "वेल लावणे. उद्याच. शिडीवर अर्जदारानं स्वतः चढणे. दर वर्षी."

ह्यांनी फाईल घेतली. दोनदा वाचली. चष्मा लावून तिसऱ्यांदा वाचली. मग घसा खाकरून म्हणाले, "दर वर्षी, हे ठीक आहे. पण किती वर्षं? मुदत लिहायची राहिलीय."

"राहू दे," मी म्हटलं.

"मुदतीशिवाय आदेश नसतो गं."

"हा असतो," मी म्हटलं, आणि आठ दिवस तशाच पडलेल्या त्या कोटाची दुसरी बाही लावायला घेतली.