तिसऱ्या ग्रीनचं भांडण

मुकुंदच्या मुलीचा, ईशाचा फोन आला तेव्हा मी मेलबर्नमध्ये ग्लेन वेव्हर्लीच्या शॉपिंग सेंटरबाहेर गाडी लावत होतो. “अविकाका, बाबा इज गॉन,” एवढंच ती म्हणाली. सकाळी चहा घेता घेता मुकुंद खुर्चीतच कलंडला होता. मी डॉक्टर. अशा बातम्या आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो. तरी ती ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आला तो राग. त्याच्या तीन आठवडे आधी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तेही अमेरिकेतल्या एका जुन्या गोल्फ कोर्सवरून, जो आम्हा दोघांपैकी कुणीही कधी पाहिला नव्हता... आणि ते भांडण तसंच टाकून हा निघून गेला. त्याला जाऊन दीड महिना झाला. राग उतरत नाही.

मुकुंद देऊसकर मला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत भेटला. मी तिथल्या हॉस्पिटलात, तो सोन्याच्या खाणीत सर्व्हेअर. दोघेही पुण्याचे, दोघांनाही रविवार खायला उठायचा. म्हणून गोल्फ. आम्ही खेळायचो ते मैदान म्हणजे लाल माती आणि तुरळक झुडपं. गवत नावाला नाही. भोकाभोवतीची गुळगुळीत जागा, म्हणजे ग्रीन, तेल मिसळलेल्या काळ्या वाळूची. खेळून झालं की लाकडी फळी ओढून आपल्या पावलांचे ठसे आपणच पुसायचे. मी वैतागायचो. मुकुंदला मात्र कुठूनतरी कळलं की सुरुवातीच्या काळात अमेरिकेतही कित्येक ठिकाणी अशीच वाळूची ग्रीन होती. झालं! माणूस जो त्यात शिरला तो बाहेर आलाच नाही. ते कोर्स कुणी आखले, स्कॉटलंडहून आलेल्या साध्या माळ्यांनी चार खुंट्या ठोकून, की पुढे ज्यांची नावं झाली त्या बड्या आर्किटेक्टांनी? इंटरनेटवरच्या एका फोरमवर जगभरातली मंडळी यावर वर्षानुवर्षं भांडत होती. मुकुंद त्यांच्यात जाऊन बसला.

एका रविवारी तो एका जुन्या नकाशाचा प्रिंट घेऊन माझ्या क्वार्टरवर आला. डोळे चमकत होते. अमेरिकेतल्या एका क्लबचा नकाशा, खाली एका नामवंत आर्किटेक्टची सही. सगळा कोर्स त्याच सहीच्या जोरावर त्याच्या नावावर लागलेला.

“अव्या, हा सगळा प्लॅन नाहीये. यातला एक तुकडा सर्व्हे आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“खाणीत मी दुसरं काय करतो? बोगदा खणायच्या आधी नकाशा काढणारा गोल आकडे लिहितो. तीस फूट, चाळीस फूट. खणून झाल्यावर मोजणारा जे असेल ते लिहितो. इथे बघ, बाकी सगळे आकडे गोल. फक्त तिसऱ्या ग्रीनचे वेडेवाकडे. म्हणजे ते ग्रीन आधीपासून तिथे होतं. याने फक्त मोजलं.”

खरं सांगतो, मला ते लगेच पटलं. फोरमवर कुणालाच पटलं नाही. मग मुकुंदने क्लबची जुनी इतिवृत्तं मिळवली. त्यात सहीवाल्याच्या आधी दोन वर्षं “आमचा स्कॉट्समन” असा एका माणसाचा उल्लेख येतो. त्याने खुंट्या ठोकल्या, त्याने माती ओढली, त्याला थँक्यू म्हटलं. नाव कुठेच नाही. ते नाव शोधायला मुकुंदला चार वर्षं लागली. एका गावाच्या वर्तमानपत्रात मृत्यूच्या बातम्यांत ते सापडलं : डंकन मॅकरी. त्या दिवशी त्याने मला हॉस्पिटलात फोन केला, मी पेशंटसमोर होतो, आणि मी म्हणालो, “नंतर बोलू रे.” नंतर बोलायचं राहून गेलं.

रिटायर होऊन आम्ही दोघेही मेलबर्नला आलो, घरंही एकमेकांजवळ घेतली. दोन वर्षांपूर्वी त्या क्लबने जाहीर केलं की कोर्स “मूळ स्वरूपात” आणायचा. त्यासाठी तिसऱ्या ग्रीनचा उंचवटा काढणार, कारण तो कुणा अडाण्याने नंतर घातलेला असून बड्या आर्किटेक्टच्या शैलीत बसत नाही. मुकुंद हादरला. मूळ म्हणून जे उरलं होतं तेच पाडायला निघाले होते. त्याने क्लबला पत्रांवर पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं, दोन ओळींचं : आपल्या उत्साहाबद्दल आभार. मग त्याने मोठा लेख लिहिला आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे दिला. “आणि चल, एकदा जाऊन बघून येऊ,” म्हणाला, “पाडायच्या आत.”

“पुढच्या वर्षी जाऊ,” मी म्हणालो. लेख टेबलावर तसाच पडून राहिला.

पुढचं वर्ष आलं त्याआधी बुलडोझरचे फोटो आले. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो स्क्रीनसमोर बसून होता. त्याची बायको नीलिमा स्वयंपाकघरातून मला खुणेने सांगत होती, याला काहीतरी समजाव. मी समजावायला गेलो आणि भलतंच बोललो.

“मुकुंद, एका टेकाडासाठी जीव काढतोयस. तो माणूस मरून शंभर वर्षं झाली असतील. कुणाला पडलीये?”

त्याने खुर्ची फिरवली. “तू लेख वाचलास?”

मी नीलिमाकडे पाहिलं.

“मग तू बोलूच नकोस.”

मी चपला घातल्या आणि निघालो. ती आमची शेवटची भेट.

दहाव्या दिवशी ईशाने मला तिच्या फोनवर त्या फोरमवरची एक पोस्ट दाखवली. क्लबच्याच एका सभासदाला घरात आजोबांचा अल्बम सापडला होता. त्यात तिसऱ्या ग्रीनचा फोटो, तो उंचवटा जसाच्या तसा. शेजारी फावडं घेतलेला माणूस, आणि मागे लिहिलेली तारीख त्या नकाशाच्या आधीची. खाली लिहिलं होतं : ऑस्ट्रेलियातला आमचा सर्व्हेअर बरोबर होता.

“ॲट लीस्ट दे नो नाऊ,” ईशा म्हणाली. मला ते ऐकवेना. आता कळून काय उपयोग? ग्रीन गेलं, सांगणारा गेला, आणि हे अजून त्याला ‘आमचा सर्व्हेअर’ म्हणतायत! मी तिथेच बसून फोरमवर खातं उघडलं आणि लिहिलं : त्यांचं नाव मुकुंद वामन देऊसकर. गेल्या आठवड्यात वारले. मग घरी जाऊन लेख वाचला, एका बैठकीत. इंग्रजीत दुरुस्त करण्यासारख्या सहा जागा होत्या. सहा! तासाभराचं काम होतं ते. ईशाने दुरुस्त प्रत क्लबला पाठवली आहे. उत्तर अजून नाही.

मुकुंदची एक सवय होती. कुठल्याही ग्रीनवर खेळून झालं की तो मागे जायचा, पार कडेला, आणि ज्या बाजूने आलो तिकडे तोंड करून उभा राहायचा. इथून कळतं, म्हणायचा, माती कुठून ओढली ते. मागची माणसं खोळंबायची, मी हाका मारायचो. परवा रविवारी मी एकटाच आमच्या इथल्या कोर्सवर गेलो होतो. बॉल भोकात गेला आणि पाय आपोआप मागे वळले. मी उभा राहिलो, बघत राहिलो. मला तर काहीच कळलं नाही... नुसतं गवत दिसत होतं. मी ठीक आहे ना, म्हणून मागून कुणीतरी ओरडलं, “यू राइट, मेट?” मी हात वर केला, पण जागचा हललो नाही.