दातांत धरलेली पऱ्हाटी

इब्राहिमचाचा इंजिन दातांनी ऐकत. वाळलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक सरळ काडी ते सोलून जवळ ठेवत. तिचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं दाढेत धरायचं आणि डोळे मिटायचे. लहानपणी कान वाहून वाहून त्यांचं ऐकणं जवळजवळ गेलं होतं. हाडातून मात्र आवाज स्वच्छ पोचे. मी नर्स, मला हे कळत होतं. तरी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातलं काम विसरले.

कापसाचं सगळंच बसलं, त्या वर्षांत दारव्ह्याजवळची एक जिनिंग गिरणी बंद पडली. तिथली मशीनं सांभाळणारे चाचा मग पाण्याच्या मोटरी, फवारणीचे पंप, जे येईल ते दुरुस्त करू लागले. माझं उपकेंद्र धरणाच्या अलीकडे आणि निम्मी गावं पाण्यापलीकडे. मोतीरामची नाव आणि तिच्या मागे टांगलेली जुनी मोटर, हाच आमचा रस्ता. लसीचा डबा, वजनकाटा, टॉर्च, दोरी मी तपासून घेई. मोटर मोतीरामच्या भरवशावर.

एका दुपारी ती खडखडू लागली, म्हणून त्यानं चाचांना काठावर बोलावलं होतं. तेवढ्यात पलीकडून निरोप आला: शांता अडली आहे, मूल आडवं आहे. तिला अलीकडे आणून यवतमाळला नेणं भाग होतं.

मोटरीला दोन सिलिंडर, एकावर एक. चाचांनी काडी वरच्याला लावली, मग खालच्याला. खालच्या प्लगची वायर काढली. खडखड मऊ पडली.

"खालचा रो रहा है. बेअरिंग घासलं. मोत्या, पेट्रोलात तेल कोणतं टाकतं?"

मोतीराम त्यांना ओठ दिसतील असा समोर जाऊन ओरडला, "ट्रॅक्टरातून काढेल जुनं तेल, चाचा! फडक्यातून गाळून टाकून राह्यलो."

"गाळून? चहा हाय काय तो?"

"पोचेल का?" मी ओरडले.

"पळवली तर मधातच जाम होते. सांभाळून नेली तर नेते."

स्वतःजवळचं कोरं तेल घालून ते नावेत चढले. खालचा सिलिंडर बंद, नाव एकट्या वरच्यावर. चाचा मोटरीपाशी उकिडवे, काडी दाढेत, एक हात हवेत. हात खाली आला की मोतीराम वेग कमी करी, वर गेला की वाढवी. आम्हाला नुसती घरघर ऐकू येत होती.

परतताना शांता कण्हत होती. भर पाण्यात चाचांनी मूठ आवळली. मोतीरामनं मोटर थांबवली.

"गरम झाली. दम घेऊ द्या."

शांताची सासू कडाडली, "अन् माह्या सुनेनं कुठवर दम धराव, म्हाताऱ्या?"

चाचांना ते ऐकूच गेलं नाही. मोटरीवर तळहात ठेवून ते शांताकडे पाहत राहिले. तळहाताला पटलं तेव्हा त्यांनी दोरी ओढायची खूण केली. काठावर जीप उभी होती. शांता वाचली, तिची मुलगीही.

नवं बेअरिंग घालून दिल्यावर दर पावसाळ्याआधी चाचा ती मोटर ऐकून जात. मग त्यांचे दात पडले. नवी कवळी बसवून ते काठावर आले, चालू मोटरीला काडी लावून दाढेत धरली आणि थुंकले.

"ये दाँत बहरे हैं, बेटा." त्यांनी काडी पुसून माझ्यापुढे धरली. "तुले हायेत ना? ऐक."

मी ती दाढेत धरली आणि मोटर माझ्या कवटीतच सुरू झाली. घरघर नव्हतीच ती. ठोके वेगळे, त्यांच्यामागे तेलकट सळसळ वेगळी, आणि तिच्यात मधेच एक कोरडी करकर. वरच्याला लावलं, करकर नाही. खालच्याला लावलं, पुन्हा तीच. इतकी वर्षं हा माणूस या गर्दीत राहत होता आणि आम्ही त्याला बहिरा म्हणत होतो.

"काय म्हणते?" चाचा माझ्या ओठांकडे पाहत होते.

"खालचा."

त्यांनी स्वतः काहीच तपासलं नाही. मोतीरामच्या हातात पाना दिला आणि म्हणाले, "खोल."

काडी त्यांनी परत मागितली नाही.